वाफसा दोन दिवसांचा

येशूने सांगितलेल्या गोष्टींत शेतकऱ्यांच्या गोष्टी पुष्कळ आहेत. बी पेरणाऱ्याची आहे, गव्हात उगवलेल्या निदणाची आहे, द्राक्षमळ्यातल्या मजुरांची आहे. पण एक गोष्ट अशी आहे, की ती आपल्याच चावडीवर बसून कुणी सांगितली असावी असे वाटते. लूकच्या शुभवर्तमानात १२ व्या अध्यायात ती आहे. एका श्रीमंत माणसाची जमीन एका साली भरघोस पिकली. धान्य ठेवायला जागा पुरेना. तो मनाशी म्हणाला, जुनी कोठारे पाडू, मोठी बांधू, सारे धान्य आत भरू आणि मग पुष्कळ वर्षे खाऊन-पिऊन निवांत राहू. त्याच रात्री त्याला वरचे बोलावणे आले.

आता हा माणूस वाईट होता का? गोष्टीत तसे कुठे म्हटलेले नाही. त्याने कुणाचा बांध कोरला नाही, मजुराची मजुरी बुडवली नाही. पाऊस झाला, पीक आले. कोठार बांधणे हाही काही गुन्हा नव्हे. धान्य उघड्यावर भिजवणाऱ्यालाच आपण वेडा म्हणू. पण त्याचे बोलणे नीट ऐका. माझे पीक, माझी कोठारे, मी पाडीन, मी बांधीन. साऱ्या गोष्टीत दुसरे माणूसच नाही! बायको नाही, भाऊ नाही, गडी नाही, शेजारी नाही. आणि जी वस्तू मुळात त्याच्या खळ्यावर आलेलीच नव्हती, ती 'पुष्कळ वर्षे' त्याने आधीच कोठारात घालून ठेवली.

ही गोष्ट निघाली कशावरून, तेही सांगण्यासारखे आहे. गर्दीतला एक जण येशूला म्हणाला, माझ्या भावाला सांगा, माझी वाटणी मला दे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही भाऊबंदकी होतीच. येशू पंच व्हायला तयार झाला नाही. त्याने ही गोष्ट सांगितली. त्या माणसाची वाटणी पुढे झाली की नाही, ते लूक लिहीत नाही.

बायबलातल्या ९० व्या स्तोत्रात माणसाच्या आयुष्याचा हिशेब ७० वर्षांचा धरला आहे, अंगात बळ असले तर ८०. आणि दिवस मोजण्याची अक्कल दे, अशी देवापाशी मागणी आहे. आपण शेतकऱ्यांनी दिवस मोजू नयेत, हंगाम मोजावेत. २५ व्या वर्षी कारभार अंगावर घेतला आणि ७० पर्यंत हातपाय चालले, तर एकूण खरीप मिळतात ४५. त्यांतला एखादा १९७२ सारखा करपून जातो, एखादा आजारपणात, एखादा कोर्टाच्या पायऱ्या चढण्यात. पन्नाशी गाठलेल्या माणसाच्या हातात फार तर २० मृग उरले. हा आकडा मनात धरून एकदा आपल्या शिवाराकडे पाहा.

यावर काही मंडळी म्हणतील, मग काय रात्रंदिवस धावत सुटायचे? मुळीच नाही. घाई वेगळी आणि निकड वेगळी, हे शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. काळ्या रानात चिखल असताना जो पाभर घालतो, त्याची जमीन आवळते. तो घाईचा माणूस. वाफसा आला तरी जो पारावर पत्ते कुटतो, त्याची ओल उडून जाते. पण जो रोज सकाळी रानात जाऊन मूठभर माती हातात घेऊन पाहतो, आणि ती भुसभुशीत सुटली की दुसरे सारे बाजूला ठेवून औत जुंपतो, त्याला निकड कळली. याकोबाच्या पत्रात दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी आहेत. माणसाचे जगणे घटकाभर दिसणाऱ्या धुक्यासारखे आहे असे तो म्हणतो, आणि लगेच पुढच्या अध्यायात, पावसाची वाट पाहत धीर धरणाऱ्या शेतकऱ्याचा दाखला देतो.

थेस्सलनीका गावात काही मंडळींचा उलटाच समज झाला होता. जगाचा शेवट जवळ आला, आता कशाला राबायचे, म्हणून त्यांनी कामधंदा सोडला. पौलाने त्यांना पत्रातून चांगलेच खडसावले. ज्याला काम करायचे नाही त्याने जेवूही नये, असा त्याचा रोख होता.

निकड म्हणजे काय, ते आपल्याच मुलखातल्या पंडिता रमाबाईंकडे पाहून कळते. १८५८ चा जन्म. कोवळ्या वयातच दुष्काळी हालात आईवडील गेले. १८८० साली लग्न झाले आणि १८८२ मध्ये पती पटकीने वारले. पदरात तान्ही मनोरमा. एवढे भोगलेल्या बाईने दार लावून घेतले असते तरी कुणी नाव ठेवले नसते. पण १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुलींना, बायांना घेऊन आल्या. इमारत होऊ द्या, वर्गणी जमू द्या, असे म्हणत बसल्या नाहीत. त्यातच पुण्यात प्लेग आला. दौंडजवळ केडगावला त्यांनी शाळेच्या खर्चासाठी शेतजमीन घेऊन ठेवली होती, तिथे या मुलींची राहण्याची सोय लागली. मुक्ती मिशन उभे राहिले ते अशा रीतीने, झाडाझुडपांत, विहिरीच्या पाण्यावर.

पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सारे बायबल बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणायला घेतले. वर्षानुवर्षे ते काम चालले, छपाईही केडगावलाच. १९२१ साली मनोरमा गेली. आईने काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई वारल्या, तोवर भाषांतर पुरे झाले होते.

मात्र निकडीने जगणाऱ्याचे सारे काम पुरे होतेच, असे नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी येशूच्या चरित्रावर 'ख्रिस्तायन' हे मोठे काव्य रचायला घेतले. दहा-अकरा अध्याय झाले, आणि १९१९ च्या मे महिन्यात ते वारले. लक्ष्मीबाई लग्नानंतर घरातच लिहा-वाचायला शिकलेल्या. त्यांनी ते काव्य पुढे नेले आणि ६४ अध्याय लिहिले. १९३६ साली त्याही गेल्या. ग्रंथ छापून निघाला १९३८ साली. आंबा लावणारा नेहमीच आंबा खातो असे नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पण खड्डा खणलेला असला, रोप लागलेले असले, तर पाणी घालायला दुसरा येतो.

आता घरातले बोलू. आपल्याकडे 'सुगी झाली की' हा शब्द फार वाईट. मालकिणीच्या अंगात गाठ लागते, ती म्हणते, कापूस वेचून झाला की जाऊ दवाखान्यात. कापूस होतो, मग हरभरा येतो, मग लेकीचे बाळंतपण. गाठ काही सुगी पाहत नाही. बाईने स्वतःहून सांगण्याची वाट पाहू नका. ती सांगणार नाही. बाजारच्या दिवशी तिला बरोबर घेऊन निघा.

दुसरी गोष्ट बांधाची. मत्तयाच्या शुभवर्तमानात ५ व्या अध्यायात येशूचे सांगणे असे, की देवाला अर्पण घेऊन आलास आणि भावाचे तुझ्याशी वाकडे आहे असे तिथे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. देवालासुद्धा थांबवून ठेवायला सांगितलेले हे एकच काम! एका गावात दोन सख्खे भाऊ हातभर बांधासाठी अकरा वर्षे बोलत नव्हते. थोरल्याला शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. आदल्या संध्याकाळी तो उठून धाकट्याच्या ओट्यावर जाऊन बसला. धाकट्याच्या बायकोने चहा ठेवला. बांधाचा विषय कुणी काढलाच नाही. बांध आज आहे तिथेच आहे, धाकट्याने त्यावर तुरीची ओळ धरली आहे आणि शेंगा दोन्ही घरी जातात.

तिसरी गोष्ट कागदाची. वडील गेल्यावर पोरांची निम्मी भांडणे कागद नसल्याने होतात. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, केलेली बरी. साध्या कागदावर लिहावे, सही किंवा अंगठा करावा, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. ज्याला मिळकत मिळायची त्याला साक्षीदार करू नये. वडिलोपार्जित जमीन असेल तर आपल्या हिश्शापुरतेच लिहिता येते, तेवढे वकिलाला विचारून घ्यावे. घरातले कुणी गेले असेल तर वारसाची खबर तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत द्यावी. कुणाचे देणे, कुणाकडे येणे, सोसायटीचे कर्ज किती, हे एका वहीत लिहून ती वही कुठे ठेवली आहे ते घरच्या लक्ष्मीला सांगून ठेवावे. मुलाला तर सांगावेच, पण आधी तिला.