पहाटे 3 वाजून 56 मिनिटे

रमजानमध्ये पहाटे चारच्या सुमारास विजापूर वेस जागी होते. रोजापूर्वीच्या जेवणाची, सहेरीची ही वेळ. 30 सप्टेंबर 1993 रोजी याच सुमारास, 3 वाजून 56 मिनिटांनी, किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून दमून झोपलेली माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. जवळपास 8 हजार मृत्यू. सोलापूरही हादरले, जखमींना इथल्या रुग्णालयांत आणले गेले.

ईश्वर दयाळू, तर हे का? हा प्रश्न विचारल्याने श्रद्धा बुडत नाही. कुरआनातील हजरत याकूब हरवलेल्या मुलासाठी रडून रडून दृष्टी गमावतात, तरी पैगंबरच राहतात. खटकते ते घाईचे उत्तर : ‘पापाची शिक्षा’. ढिगाऱ्याखालच्या तान्ह्याचे कोणते पाप?

प्रेषित मुहम्मद (स.) यांचा मुलगा इब्राहीम वारला, तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणाले, ते त्याच्या मृत्यूमुळेच. शोकात बुडालेल्या बापाला हा केवढा दिलासा! पण प्रेषितांनी तो नाकारला. कुणाच्या जन्ममृत्यूसाठी ग्रहण लागत नाही, असे सर्वांना सांगितले. मुलासाठी ते रडले होते. पण स्वतःच्या दुःखालाही त्यांनी आकाशातला संकेत चिकटवू दिला नाही. मग दुसऱ्याच्या दुःखावर शिक्षेचा शिक्का मारण्याचा अधिकार कुणाला?

किल्लारीत जड भिंतींमुळे बळी वाढले, हे तपासात कळले. नवी घरे भूकंपरोधक बांधली गेली. ‘माझेच मूल का’ याचे उत्तर मात्र कोणत्याही अहवालात नाही. तो प्रश्न याकूबांनी आपले दुःख नेले तिथेच, अल्लाहपुढेच, न्यावा लागतो.