गोटुल पाहावयास जाणाऱ्यांस

चंद्रपूरच्या परकोटाच्या वेशीवर हत्तीवर झडप घालणाऱ्या सिंहाचे शिल्प कोरलेले आहे. गोंड राजांचे ते राजचिन्ह होय. परगावचा पाहुणा आला म्हणजे आपण त्यास ते अभिमानाने दाखवितो, राणी हिराईने पती बीरशहा याच्यासाठी बांधविलेल्या समाधीकडे नेतो, आणि गोंडांची कला दाखविली असे मानून घरी परततो. परंतु ज्या समाजातून ते राजे निपजले, त्याच्या कलेचे माहेरघर दगडाचे नाही. ते लाकूडमातीचे असून त्यास गोटुल असे म्हणतात. आपल्या शाळांच्या सहली अलीकडे तिकडेही वळू लागल्या आहेत. ही गोष्ट स्तुत्य आहे. मात्र तेथे कोणत्या वृत्तीने जावे, याचा विचार विद्यार्थ्यांनी व पालकांनी अगोदर करावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

गडचिरोली जिल्ह्यात गोंड व माडिया लोकांच्या अनेक गावांत गोटुल ही एक सामाईक वास्तू असते, अथवा पूर्वी असे. तिचा धनी कोणी एक मनुष्य नसून सारे गाव असते. तरुण मंडळी तेथे वडीलधाऱ्यांच्या चालीरीती समजून घेतात, ढोल वाजविण्यास व रेला गाण्यास शिकतात, एकमेकांच्या हातात हात गुंफून फेर धरतात. गावाची बैठक तेथेच बसते व तंटाही तेथेच मिटतो. कलामंदिर, पाठशाळा व न्यायासन ही आपण तीन ठिकाणी मांडलेली कामे येथे एकाच छपराखाली सुखाने नांदतात. म्हणूनच तेथील नृत्याला तिकीट नसते आणि प्रेक्षकही नसतो. जो येतो तो फेरात शिरतो.

अशा संस्थेविषयी बाहेरच्या लोकांनी आजवर पुष्कळ वावड्या उठविल्या. कोणी तिला रानटीपणा म्हटले, कोणी तिच्याविषयी चघळून चघळून गोष्टी सांगितल्या. या बाबतीत आपल्यासारख्या मिशनच्या शाळेने एक उदाहरण विसरू नये. व्हेरियर एल्विन हे १९२७ साली मिशनरी म्हणून इंग्लंडहून हिंदुस्थानात आले व पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात राहिले. पुढे त्यांनी मंडला भागातील गोंडांत वस्ती केली. बस्तरच्या मुरिया लोकांच्या गोटुलावर त्यांनी लिहिलेला विस्तृत ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला. त्यांची सर्वच मते आपणांस पटावीत असे नाही. परंतु जो शिकवावयास आला होता तो शिकावयास बसला, ही नम्रता मात्र निःसंशय अनुकरणीय आहे.

गोटुलाचे मोल त्या लोकांस किती वाटते, हे धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गावाने दाखवून दिले आहे. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकाच्या अखेरीस या गावाने मोडकळीस आलेली ही प्रथा पुन्हा उभी करण्याचे ठरविले आणि जंगलातील लाकूड आणून गोटुल बांधले. लाकूड विनापरवाना तोडले, या कारणावरून वनखात्याने ती वास्तू उतरविली. गावकऱ्यांनी हात उगारला नाही. आसपासच्या गावांनी एकत्र बसून असा निश्चय केला की, आता एका गावातच नव्हे, तर आपापल्या गावीही गोटुले उभारावयाची. तशी ती उभी राहू लागली, आणि अखेर खात्यालाच माघार घ्यावी लागली. पदार्थसंग्रहालयातील मूर्ती कोणी हलविली तर आपण अर्ज करतो. येथे लोकांनी ती वस्तू पुन्हा घडविली. जी कला करणाऱ्यांच्या हातांत असते, ती मोडणे इतके सोपे नसते.

पुढची हकीकतही तितकीच बोधप्रद आहे. देवाजी तोफा यांच्यासारखे गावकरी आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते यांच्या सहवासाने या गावात अभ्यासगट चालू झाले. ग्रामसभेचे निर्णय बहुमताने न होता सर्वांच्या संमतीने होऊ लागले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सर्वत्र गाजली. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क या गावास मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. एकत्र नाचणारे पाय एकत्र विचारही करू शकतात, याला याहून निराळा पुरावा तो कोणता हवा?

आता आपल्याकडे पाहू. वार्षिक स्नेहसंमेलनात ‘आदिवासी नृत्य’ म्हणून जो प्रकार पुष्कळ शाळांतून होतो, तो सर्वांच्या परिचयाचा आहे. तोंडाला काळे फासावयाचे, कमरेला पाने बांधावयाची, हाती भाला घ्यावयाचा आणि अर्थहीन आरोळ्या ठोकावयाच्या! प्रेक्षक हसतात, टाळ्या वाजवितात. त्याच प्रेक्षकांत एखादा माडिया विद्यार्थी मान खाली घालून बसलेला असतो. त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. आपल्या आजीच्या नाचाची अशी थट्टा पाहून तो उद्या आपली भाषा वर्गात कशी बोलेल? माझ्या मते हा प्रकार सर्व शाळांनी तत्काळ बंद करावा.

काही पालक म्हणतील की, परीक्षेचे दिवस सोडून मुलांनी रानातील नाच कशाला पाहावा? त्यांस इतकेच सांगावयाचे की, आपल्या जिल्ह्यांच्या नकाशावर जंगल दाखविता येणे व त्या जंगलात राहणाऱ्यांस ओळखणे या दोन भिन्न विद्या आहेत, आणि दुसरीवाचून पहिली अपुरी आहे. त्यातून आपल्याच मुलांपैकी काही उद्या तलाठी, शिक्षक, वैद्य अथवा वनाधिकारी होऊन त्याच गावांत जातील. त्यांनी गोटुलात मालक म्हणून पाऊल टाकावे की पाहुणा म्हणून, हे आजच्या संस्कारांवर अवलंबून आहे. मोहगाव येथील ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा काढली व तिच्या नावातच ‘गोटुल’ हा शब्द घातला. त्या लोकांनी शाळा आणि गोटुल यांत वैर मानले नाही. आपण तरी ते का मानावे?

तेव्हा विद्यार्थीमित्रहो, गोटुल पाहावयास अवश्य जा. जाण्यापूर्वी ग्रामसभेची अनुमती घ्या. पादत्राणे कोठे काढावयाची, कोठे बसावयाचे, हे तेथील मुलांस विचारा. नाच पाहावयाची घाई करू नका आणि ‘आमच्यासाठी नाचा’ असे तर चुकूनही म्हणू नका. छायाचित्र काढण्याआधी विचारा. नकार मिळाला तर तो आनंदाने स्वीकारा. गोंडीचे निदान पाच शब्द शिकून परत या. आणि परतल्यावर आपल्याच वर्गातील गोंड वा माडिया सोबत्याला, तू आम्हांस आणखी पाच शिकवशील काय, असे आदराने विचारा.