डावीकडून तिसरी

कराडच्या आमच्या घरी पत्र्याची एक ट्रंक आहे. २०१९च्या ऑगस्टात कृष्णा-कोयना फुगल्या, तेव्हा आत्यानं सगळ्यात आधी ती शेजाऱ्यांच्या गच्चीवर पोचवली. दागिने नंतर! ट्रंकेत चारेकशे फोटो. त्या दिवाळीत मी स्कॅनर घेऊनच गेलो आणि चार दिवसांत सगळे लॅपटॉपवर घेतले. वाटलं, झालं काम.

पण स्कॅनच्या फाइलवर तारीख पडते ती स्कॅन केल्याची. त्यामुळे बाबांची मुंज आणि भाचीचा वाढदिवस शेजारी-शेजारी, दोन्ही २०१९. मग एका तयार सॉफ्टवेअरमध्ये नावं भरत बसलो. तीन रविवार गेले. पुढे लॅपटॉप बदलला आणि नावं जुन्या लॅपटॉपवरच राहिली, कारण ती त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या कुठल्याशा कोठारात होती. फोटो आले, माणसं आली नाहीत.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की टॅग साध्या टेक्स्ट फाइलमध्येच असावेत. मी इमॅक्स वापरतो (हसू नका, वीस वर्षांची सवय आहे). २००७ साली आलेल्या बाविसाव्या आवृत्तीपासून त्यात इमेज-डायर्ड नावाची सोय आहे. फोल्डरच्या यादीत हव्या त्या फोटोंवर खुणा करायच्या, कंट्रोल-टी आणि मग डी दाबलं की छोटी चित्रं दिसतात, कंट्रोल-टी आणि टी दाबून टॅग लिहायचे. हे सगळं साठतं एका फाइलीत. एका फोटोला एक ओळ : आधी फाइलचं नाव, मग अर्धविरामानं तोडलेले टॅग. नोटपॅडमध्येसुद्धा उघडते. तोटा आहेच, फोटो दुसऱ्या फोल्डरात हलवला की टॅग मागे राहतात. पण मग ती फाइल उघडून शोधा-बदला करायचं, दोन मिनिटांचं काम. बंद कोठारात हे जमत नाही.

"मामा, आता चेहरे ओळखणारी सॉफ्टवेअर आहेत की," असं पुण्याचा भाचा म्हणतो. आहेत ना. हा आणि तो चेहरा एकच, हे ती सांगतीलही. पण नाव काय लिहायचं? आमच्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायचे. एकाच बाईची दोन नावं, शिवाय घरातलं तिसरं. बरं, नात्यानं लिहावं तर माझी काकू म्हणजे माझ्या मुलाची आजी. मी तिन्ही नावं लिहितो. ओळ लांबते, लांबू दे.

ही नावं माहीत कुणाला? आत्याला. एक फोटो हातात घेऊन म्हणाली, "हा भूकंपाआधीचा. माडी दिसतीय न्हवं!" ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यात आमच्या माडीला तडे गेले आणि ती उतरवावी लागली. वर्ष कुणालाच सांगता आलं नसतं, पण टॅग मिळाला : भूकंपाआधी. तो शोधला की एकसष्ट फोटोंवर खूण पडते. इतकी बिनचूक विभागणी मला जन्मात सुचली नसती.

आता आत्या अठ्ठ्याऐंशीची आहे. गेल्या महिन्यात तोच फोटो पुन्हा दाखवला, तर मधल्या माणसाचं तिनं वेगळंच नाव सांगितलं. दुपारी आणखी तिसरं. मी काही बोललो नाही, चहा घेतला. हल्ली प्रत्येक ओळीत एक टॅग वाढवतो : कुणी सांगितलं आणि कधी. 'आत्या-२०१९' असेल तिथे मी डोळे झाकून विश्वास ठेवतो. पुढच्या वर्षांचं... असो.

तेवीस फोटोंवर अजून 'कोण' एवढाच टॅग आहे. त्यातल्या एकात पंताच्या कोटात, नकट्या रावळाच्या विहिरीच्या पायऱ्यांवर सात बायका बसल्यात. सहा लागल्या. डावीकडून तिसरी राहिलीय. नऊवारी, ठसठशीत कुंकू, आणि बाकीच्या कॅमेऱ्याकडे बघत असताना ही एकटीच खाली पाण्याकडे बघतेय. इस्लामपूरच्या आणि सांगलीच्या मंडळींनो, फोटो पाठवतोय. घरातल्या थोरल्या माणसांना दाखवा, दिवाळीची वाट बघू नका. माहेरचं नाव कळलं तरी चालेल.