परदेशी शिकायला जायचं? आधी कागद बघा

परदेशात मास्टर्स करायचं ठरलं की घरात चर्चा सुरू होते ती जीआरई, आयईएलटीएस आणि शैक्षणिक कर्जाची. कागदपत्रांचा विषय निघतो तो अगदी शेवटी, ‘ते काय, कॉलेजातून मिळतील’ म्हणून. विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे, हा क्रम उलटा करा. परीक्षा पुन्हा देता येते. ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा, मुदतीत पोचलं नाही, तर अख्खं वर्ष हातचं जातं.

तुमचा अर्ज तिकडे पोचला की विद्यापीठाला दोन गोष्टी ठरवायच्या असतात. हे कागद खरे आहेत का, आणि ही पदवी आमच्याकडच्या कोणत्या पदवीच्या तोडीची. ही दोन्ही कामं प्रत्येक देशात वेगळ्या पद्धतीने होतात. म्हणून मित्राने काय केलं ते विचारण्याआधी, ज्या विद्यापीठात अर्ज करायचा त्याच्या प्रवेश विभागाने काय मागितलंय ते स्वतः वाचा.

अमेरिकेत परदेशी पदव्या तोलणारं सरकारी खातंच नाही. अनेक विद्यापीठं हे काम आपल्या कार्यालयातच करतात आणि अर्जाच्या वेळी गुणपत्रकांच्या स्कॅन प्रतींवर भागवतात. मूळ कागद प्रवेश मिळाल्यावर मागतात. काही विद्यापीठांना मात्र बाहेरच्या संस्थेचा अहवाल लागतो, बहुधा एनएसीईएस या संघटनेच्या सदस्य संस्थेचा. १९७४ पासून हे काम करणारी डब्ल्यूईएस त्यांपैकीच एक. अशा अहवालाला चांगले पैसे पडतात. तेव्हा विद्यापीठाने मागितलाय का, मागितला असेल तर कोणत्या संस्थेचा, आणि नुसता पदवीचा की प्रत्येक विषयाचा, हे बघूनच पैसे भरा. मास्टर्ससाठी सहसा विषयवार अहवाल लागतो.

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. केलेल्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. अमेरिकेतली पदवी चार वर्षांची, आपली जुनी पदवी तीन वर्षांची. काही विद्यापीठं ती जशीच्या तशी मान्य करतात, काही करत नाहीत, काही कॉलेजचं नॅक मानांकन आणि तुमची श्रेणी पाहून ठरवतात. अर्जाची फी भरण्याआधी एक ईमेल करून विचारा. त्यात कमीपणा काही नाही.

जर्मनीचा रस्ता वेगळा. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतातल्या बहुतेक विद्यार्थ्यांना विद्यार्थी व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र लागतं. दिल्लीचं एपीएस कार्यालय तुमची कागदपत्रं तपासतं आणि ती खरी असल्याचा दाखला देतं. गुण तोलण्यासाठी जर्मनीत एक सूत्र सर्रास वापरतात. जास्तीत जास्त गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, त्याला जास्तीत जास्त आणि उत्तीर्ण होण्याच्या गुणांमधल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. तिथे १ ही सर्वोत्तम श्रेणी आणि ४ म्हणजे काठावर पास. १० पैकी ८ सीजीपीए असेल आणि उत्तीर्ण होण्याची पातळी ४ असेल, तर उत्तर २.० येतं. तीच पातळी ५ धरली तर येतं २.२. काही अभ्यासक्रमांना २.५ च्या आतली श्रेणी लागते, तिथे काठावरच्या विद्यार्थ्याचा प्रवेश एवढ्या फरकावर अडतो. म्हणून ट्रान्स्क्रिप्टवर किंवा गुणपत्रकाच्या मागच्या बाजूला श्रेणीचा तक्ता छापलेला आहे ना, उत्तीर्ण होण्याची पातळी स्पष्ट दिसते ना, हे पाहून घ्या. स्कॅन करताना मागची बाजू सोडू नका. आणि स्वतःच भागाकार करून टक्केवारीचा जीपीए बनवू नका. अर्जात जे मोजमाप विचारलंय तेच भरा.

आता नावाचं बघू. आपल्याकडे गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, कधी शेवटी आईचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. कुठे स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त, कुठे वडिलांचं नाव गाळलेलं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या पदवीवर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं. आपल्याला हे एकच माणूस असल्याचं लगेच कळतं, हजारो मैलांवर बसलेल्या तपासनिसाला कळत नाही. दुरुस्ती करायची असेल तर ती कॉलेज आणि विद्यापीठाकडून आत्ताच करून घ्या. नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाहाचा दाखला जवळ ठेवा.

विद्यापीठांचीही नावं बदलली आहेत. पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. सोलापूरला २००४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालं, त्याआधी तिथल्या कॉलेजांच्या पदव्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या. तुमच्या पदवीवर एक नाव आणि नव्या ट्रान्स्क्रिप्टवर दुसरं असेल, तर तसं दोन ओळींत लिहून कळवा आणि विद्यापीठाचं पत्र मिळालं तर सोबत जोडा.

ट्रान्स्क्रिप्ट काढताना सीलबंद पाकिटं मागा. पाकिटाच्या चिकटवलेल्या झडपेवर अर्धा शिक्का झडपेवर आणि अर्धा पाकिटावर असा उमटलेला असावा, सही असावी. ते पाकीट घरी कुणीही उघडायचं नाही, नुसतं बघायला म्हणूनही नाही. उघडलेलं पाकीट म्हणजे वाया गेलेलं पाकीट. स्वतःसाठी एक संच वेगळा घ्या. पदवीदान समारंभ व्हायचा असेल तर प्रोव्हिजनल सर्टिफिकेट काढून ठेवा.

आणि केटी लागली होती म्हणून त्या सत्राचं गुणपत्रक गाळू नका. नापास झालेल्या प्रयत्नासकट सगळी गुणपत्रकं द्या. एखादा विषय राहिला होता आणि नंतर चांगल्या गुणांनी सुटला, हे प्रवेश समितीला समजतं. लपवलेलं गुणपत्रक पडताळणीत उघडं पडलं, तर आधीचे चांगले गुणही संशयात येतात. ‘सहा टक्के वाढवून देतो, कुणाला कळणार नाही’ म्हणणारा एजंट भेटला तर तिथून उठून या. पडताळणीचं पत्र थेट परीक्षा विभागात जातं आणि तिथल्या नोंदीत तुमचे खरे गुण असतात. कॅनडात २०२३ साली अनेक भारतीय विद्यार्थ्यांवर देश सोडायची पाळी आली, कारण एजंटांनी दिलेली प्रवेशपत्रं बनावट निघाली. १ डिसेंबर २०२३ पासून तिथे प्रत्येक प्रवेशपत्र संबंधित संस्थेकडून तपासून घेतात. पैसे एजंटाने घेतले, भोगावं लागलं मुलांना.

परीक्षा विभागात आणि कॉलेजच्या कार्यालयात काम करणाऱ्यांनाही एक विनंती. परदेशातून पडताळणीची ईमेल आली तर तिला वेळेत उत्तर द्या. तुमच्या टेबलावर ती पन्नासांतली एक असेल, पण तिच्यावर एखाद्या शेतकऱ्याच्या किंवा रिक्षाचालकाच्या मुलीचा प्रवेश अडलेला असतो.

मुलांनो, शेवटच्या वर्षाची वाट बघू नका. या रविवारी दहावीपासूनची सगळी गुणपत्रकं काढा, पासपोर्टशी नाव ताडून बघा, काय नाही आणि काय चुकलंय त्याची यादी करा आणि सोमवारी कॉलेजात जा. गुण कमी असतील तर त्यांना साजेसं विद्यापीठ शोधता येतं. पण जे मिळवलंय ते खरं आहे हे दाखवायला लागणारे कागद तुमच्या वतीने दुसरं कुणी गोळा करणार नाही.