मधला ठिपका पाहून घ्या

भाच्याच्या निकाहसाठी आम्ही स्वस्तातला मॅन्युअल फ्लॅश आणला. कॅमेऱ्यावर घट्ट बसला, पण पेटेना. सेल बदलले, पुसून पाहिला. बिघाड कुठेच नव्हता. कॅमेरा कॅननचा १५००डी. २०१८ साली आलेल्या या मॉडेलच्या हॉट शूमध्ये मधला गोल धातूचा ठिपका नाही, आणि साधा फ्लॅश नेमका त्याच ठिपक्यावर चालतो. कॅननचे स्पीडलाइट बाजूच्या बारीक ठिपक्यांवर चालतात. घेण्याआधी आम्ही पाहिलंच नाही, चूक आमचीच.

पैसे मात्र वाया गेले नाहीत. फ्लॅशवर ‘एस२’ होतं. म्हणजे कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश चमकला की हाही दुरून पेटतो. कॅमेरा आधी चाचणीचा एक झोत टाकतो. ‘एस१’ त्यालाच फसतं, ‘एस२’ तो सोडून देतं. फ्लॅश कपाटावर ठेवला, तोंड पांढऱ्या छताकडे. शटर १/२०० सेकंदाहून वेगवान नको, नाहीतर फोटोचा एक भाग काळा येतो. सेहऱ्याचं फूल न् फूल दिसलं.

आणि हो, अब्बांच्या काळातला जुना फ्लॅश घरात असेल तर डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. काहींच्या ठिपक्यावर शंभराहून जास्त व्होल्ट असतात.