लाड बाजारातला भाव

नल्लकुंट्यात मावशीकडे उतरलं की शंकरमठात जाऊन यायचं आणि मग थेट चारमिनार. १५९१ची ही देखणी इमारत आमची मंडळी फोटोसकट पाच मिनिटांत उरकतात. खरा जीव शेजारच्या लाड बाजारात. तिथे कारागीर लाख निखाऱ्यावर मऊ करतो, वळून तिची बांगडी करतो आणि ती गरम असतानाच एकेक खडा बसवतो. २०२४ साली या बांगड्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. मावशीला त्याचं काय! दुकानदार आठशे म्हणाला, तिने तीनशे सांगून पाठ फिरवली. ‘अम्मा, सुनो तो!’ १९५६पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. परभणीच्या माहेरवाशिणीला ना इथली दखनी परकी, ना घासाघीस. साडेचारशेवर सौदा तुटला. त्या खड्यांवर वाकलेली मान पाहिल्यावर मला तेही कमीच वाटले. पण तिथे बोलायची माझी काय बिशाद? शुक्रवार असल्याने सालारजंग संग्रहालय बंद होतं. कुणालाच वाईट वाटलं नाही, उलट मोत्यांच्या दुकानांसाठी वेळ मिळाला.