डॉल्फिन दाखवा, पण त्यांच्या मागे लागू नका

पोस्ट थोडी मोठी आहे, पण मालवण, तारकर्ली, देवबागच्या मंडळींनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

गेल्या रविवारी पुण्याच्या पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला घेऊन गेलो. बोट चुलतभावाची, म्हणजे घरचीच. सकाळी साडेसातला कर्ली नदीच्या तोंडाबाहेर पोचलो तर तिथे आधीच सात बोटी. तेवढ्यात एक गादा वर आला (आमच्याकडची जुनी माणसं डॉल्फिनला गादाच म्हणतात) आणि त्याला चिकटून एक पिल्लू. झालं! सगळ्यांनी मशीन ओढली. मायलेकरं बुडाली की पुढे कुठे निघतील त्या अंदाजाने शर्यत, वर आली की शिट्ट्या. दहा मिनिटांत त्यांनी चार वेळा दिशा बदलली. आणि आमची आठवी बोट त्यातच होती. हे आधीच सांगतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की हा काठावर बसून शहाणपण शिकवतो.

आपल्याकडे दिसतो तो मुख्यतः कुबडवाला, हंपबॅक डॉल्फिन. हा खोल समुद्रात जाऊन लपणारा नाही. किनाऱ्याजवळचं उथळ पाणी हेच त्याचं घर. म्हणजे जिथे आपली जाळी आणि आपल्या बोटी, तिथेच तो. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं आणि पुढचं व्हायला काही वर्षं जातात. गढूळ पाण्यात तो आवाज सोडून, त्याचा प्रतिध्वनी ऐकून मासे शोधतो. आठ मशीनच्या गोंगाटात त्याला काय ऐकू येणार? वन्यजीव संरक्षण कायद्यात तो अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. वाघाच्या मागे आठ जीपगाड्या पळवल्या तर पेपरात बातमी येते. इथे त्याचंच तिकीट लावतात.

मग बघायचंच नाही का? बघायचं. पण कसं, त्याचं एक उदाहरण सांगतो.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला हॅन्सन नावाचं एक छोटं बेट आहे. तिथे १९७० मध्ये पॉल स्पाँग या शास्त्रज्ञाने 'ओर्कालॅब' सुरू केली. ओर्का म्हणजे डॉल्फिनच्याच कुळातला सगळ्यात मोठा प्राणी. स्पाँगने आधी मत्स्यालयातल्या कैदी ओर्कावर काम केलं होतं. पण मोकळ्या ओर्काला समजून घ्यायचं तर त्याच्या वाटेत यायचं नाही, असं ठरवून तो बेटावर राहायला गेला. तिथली माणसं ओर्कांच्या मागे बोटी पळवत नाहीत. पाण्याखाली माइक सोडलेत आणि किनाऱ्यावर बसून रात्रंदिवस ऐकतात. प्रत्येक कुटुंबाची हाक वेगळी, जशी मालवणची बोली वेगळी आणि गुहागरची वेगळी. त्यावरून कोण आलं ते ओळखतात.

जवळच रॉबसन बाइट नावाची खाडी आहे. ओर्का तिथे उथळ पाण्यात येऊन गोट्यांवर अंग घासतात. १९८२ मध्ये ती जागा राखीव झाली. बोटींनी आत शिरू नये म्हणून तिथे राखणदार असतात. आणि तरीही शेजारच्या टेलिग्राफ कोव्ह गावातून १९८० पासून ओर्का दाखवायला बोटी जातात. धंदा बुडाला नाही.

भावाला हे सांगितलं तर म्हणाला, "कॅनडाचा रव्हांदे. गिऱ्हायकांका जवळसून व्हया असता. लांबसून दाखवल्यार पैशे परत मागतत."

त्याचं खोटं नाही. बोटीचं कर्ज, डिझेल, चार महिन्यांचा पावसाळा, सगळं त्याच्याच डोक्यावर. म्हणून मी बंदी मागत नाही. बंदीचा कागद वरून आला की काय होतं ते मालवणने १९८७ च्या सागरी अभयारण्यापासून बघितलंय. मच्छीमाराला विश्वासात न घेता काढलेला नियम पाण्यात टिकत नाही. उलट जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर २५ हजारांपर्यंत भरपाई, ही राज्य सरकारची योजना बघा. नुकसान वाटून घेतलं की माणूस जाळंसुद्धा कापतो.

म्हणून बोटवाल्यांनी आपणच ठरवावं. एका कळपाजवळ तीनच बोटी, बाकीच्यांनी लांब थांबून पाळी घ्यायची. ५० मीटरच्या आत जायचं नाही (ऑस्ट्रेलियात बोटींना हाच नियम आहे). समोरून किंवा पाठीमागून नाही, बाजूने हळू जायचं. पंधरा मिनिटं झाली की निघायचं. पिल्लू दिसलं तर जवळ जायचंच नाही. आणि 'डॉल्फिन १०० टक्के दिसणार' हे बोर्ड आधी उतरवा, कारण पाठलाग त्या बोर्डापासून सुरू होतो.

प्रशासनाकडे मागणी एकच. किनाऱ्यावर एक खोली, दुर्बीण, कॅमेरा, पाण्याखालचा माइक आणि गावातलीच दोन पगारी पोरं. पाठीवरच्या पराच्या खाचांवरून प्रत्येक डॉल्फिन ओळखता येतो. आपले किती आहेत, कमी होतायत की वाढतायत, हे आपल्याच पोरांनी मोजावं.

भाऊ अजून पूर्ण पटलेला नाही. म्हणतो, "बाकीचे सात थांबले तर मी पण थांबतंय." त्या सातांपैकी तिघांशी बोललो. तिघांचंही उत्तर हेच.

म्हणजे थांबायला सगळे तयार आहेत, फक्त आधी कोणी थांबायचं ते ठरत नाही. दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आत एकदा बसूया का? जागा आणि चहा माझ्याकडे. बोटवाल्यांना टॅग करा, आणि पटलं नाही तर खाली बिनधास्त भांडा.